पावसाळ्यातला फोटो प्रिंटर

पेणच्या गणपती कारखान्यातले फोटो असोत की रोह्यातल्या धावीर महाराजांच्या पालखीचे, ते मोबाइलमध्येच पडून राहतात. घरी छापायचे ठरवलेत, तर किमतीआधी आपली हवा आणि आपली सवय पाहा.

इंकजेट प्रिंटर कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडवतो. त्याची छिद्रे केसाहूनही बारीक. प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला की शाई सुकून ती तुंबतात आणि फोटोवर पांढऱ्या रेघा उमटतात. ती साफ करण्यातही शाईच खर्ची पडते. शिवाय आषाढ-श्रावणात ग्लॉसी कागद ओल धरतो, म्हणून तो हवाबंद डब्यातच ठेवावा.

डाय-सब्लिमेशन प्रिंटरमध्ये द्रव शाई नसतेच. फितीवरचे पिवळा, किरमिजी आणि निळसर हे रंग उष्णतेने एकेक करून कागदात शिरतात, शेवटी वर पारदर्शक थर बसतो. फोटो हातात येतो तो कोरडाच! आकार मात्र बहुधा ४ बाय ६ इंचांपर्यंतच.

सणासुदीलाच फोटो छापणाऱ्या घराने माझ्या मते हाच घ्यावा. मुलांचे प्रकल्प, दाखल्यांच्या प्रतीही काढायच्या असतील, तर शाईच्या टाकीचा इंकजेट बरा. फक्त दर आठवड्याला एखादे रंगीत पान काढत राहा.