सागवान, जर आणि जुनेपणाची किंमत

सहाव्या शतकातील ग्रीक व्यापारी-प्रवासी कॉस्मस याने उल्लेखिलेले ‘कल्लियाना’ हे बंदर म्हणजे आजचे कल्याण असे अभ्यासक मानतात, आणि तेथून पितळ, लाकूड व कापड निर्यात होत असे, ही त्याची नोंद आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील जुन्या वस्तूंचा व्यवहारही मुख्यतः याच तीन जिनसांचा असून त्याचा बराचसा भाग दुकानात नव्हे, तर घराच्या दारात उरकतो. बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देते आणि पितळेची भांडी भंगारात वजनावर जातात. तसेच चाळ किंवा जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली की नव्या सदनिकेत न मावणारे सागवानी पलंग व कपाटे मिळेल त्या भावाने निघतात.

दारात ठरणारा भाव हा द्रव्याचा, म्हणजे लाकूड, धातू किंवा जरीतील चांदी यांचा असतो. याउलट मुंबईतील चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात त्याच वस्तूला घडणावळ आणि वय यांचे मोल चढते. त्यामुळे ग्राहकाने ही तिन्ही मोले वेगवेगळी पारखणे आवश्यक ठरते.

फर्निचरची परीक्षा दर्शनी भागावरील चकाकीवरून न करता खणाचा तळ, कपाटाची पाठ आणि सांधे पाहून करावी, कारण नव्या पॉलिशखाली प्लायवुडची जोड सहज लपते. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी दूर राहत असली, तरी बाहेरच्या फिकट थरास ते संरक्षण नसते. वस्त्रांत खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार होय, तर नकली जरीत तांब्याचा किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीचा वापर होतो. शिवाय वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या रेषेवर चिरते, म्हणून साडी पूर्ण उलगडून उजेडासमोर धरावी.

वस्तू परदेशी पाठवावयाची असल्यास 1972 चा पुरावशेष कायदा ध्यानात घ्यावा लागतो, कारण शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते व तिची खाजगी निर्यात करता येत नाही. दैनंदिन वापरासाठी घेणाऱ्याने मात्र वयाच्या दाव्यापेक्षा मजबुतीला अधिक पैसे मोजावेत; विक्रेत्याने सांगितलेले वय बहुधा सिद्ध करता येत नाही, सांधा मात्र तेथेच हलवून पाहता येतो.