सवतीचा टाक

शेंद्र्याजवळ एका सोनाराकडे टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती, घडताना पाहिला. चांदीचा पत्रा लाल तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. मग तो ठशाच्या खोबणीवर धरायचा, वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचं. शिसं दबतं, पत्र्याला खोबणीत लोटतं, पण फाडत नाही. मधेच उचलून बघायचं. सुरकुती दिसली तर पुन्हा भट्टीत. आधी नाक उमटलं, मग पदर, मग पावलं. कातरीने कडा कापून, टाकणखार लावून कडी डागली.

देवघरातले खंडोबा-बहिरोबाचे टाक सगळ्यांच्या ओळखीचे. नाशकात धुळवडीला वाजतगाजत गोदावरीवर नेतात ते वीर म्हणजेही घरातल्या गेलेल्यांचे टाक. मी घडताना पाहिलेला हा मात्र लहानसा, बाईचा. पहिली बायको वारली की दुसरेपणावर दिलेल्या मुलीने तिचा टाक गळ्यात घालायचा, ही जुनी रीत. अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. सवत त्रास देईल ही धास्ती त्यामागे होतीच.

गेलेल्याची खूण अंगावर बाळगणं दुसरीकडेही होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडात गेलेल्या माणसाच्या केसांचेच दागिने करत. 1861 साली नवरा आल्बर्ट वारल्यावर राणीनेही त्याचे केस लॉकेटमध्ये जपले. केस सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढत, बटा गोल मेजाभोवती सोडत, प्रत्येक बटेला शिशाचं वजन बांधून वेणी विणत. शिसं तिथेही होतंच. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे केस कुणी जपून ठेवत नाही. म्हणूनच आपली आठवण धातूत गेली असावी, असं मला वाटतं.

पण त्या लॉकेटवाल्यांनी गेलेल्या माणसावर माया केलेली असे. टाक घालणारीने सवतीला बहुधा पाहिलेलंही नसे. कोवळ्या वयाची मुलगी परक्या घरात यायची, सवतीची पोरं वाढवायची आणि तिचा टाकही वागवायची. ज्याची बायको गेली त्याच्या गळ्यात काहीच नाही! हे मला अजून पटत नाही. आणि तरीही, जिला घरातल्यांनी विसरून टाकलं असतं, तिला रोज अंगावर बाळगलं ते या दुसरीनेच.

असे टाक आता क्वचित घडतात. जुने मोडीत निघतात. त्यांतले थोडे तरी एखाद्या संग्रहालयाने घ्यावेत, आणि ठाऊक असतील तिथे दोघींचीही नावं लिहावीत.