समजते तीच भाषा येते

सरकारी नोकरीत बदली ठरलेली असते, आणि बदलीबरोबर पुष्कळदा नवी भाषाही वाट्याला येते. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझी नेमणूक तमिळनाडूतील एका जिल्ह्यात झाली. त्यापूर्वी मी तमिळचे व्याकरण घोकले होते. विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदांची रूपे सारे मुखोद्गत होते, आणि खात्याच्या भाषापरीक्षेत मी बऱ्या गुणांनी उत्तीर्णही झालो होतो. रुजू झाल्यावर तक्रारी ऐकण्याच्या पहिल्याच दिवशी एक वृद्ध बाई अर्ज घेऊन समोर उभ्या राहिल्या. त्या पाच मिनिटे बोलल्या. मला त्यातला 'तण्णीर', म्हणजे पाणी, एवढा एकच शब्द कळला. पाणी येत नाही, की पाण्याने भिंत खचली, की पाण्यावरून शेजाऱ्याशी तंटा झाला, हे दुभाषाने सांगेपर्यंत मला उमगले नाही. उत्तीर्ण झाल्याचा कागद माझ्या दप्तरात होता. पण ज्यांच्यासाठी ती परीक्षा, त्यांचे गाऱ्हाणे माझ्या कानापर्यंत पोहोचत नव्हते.

शाळेत सहा-सात वर्षे इंग्रजी शिकूनही साधे चार शब्द ऐकताच गोंधळून जाणारा विद्यार्थी आणि त्या दिवशीचा मी, या दोघांत फारसा फरक नाही. दोघांनाही भाषेविषयी पुष्कळ ठाऊक असते. भाषा मात्र येत नाही. असे का होते, आणि निरनिराळ्या इयत्तांचे शिक्षक त्यावर कोणता उपाय करीत आहेत, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम एक लहानसा प्रयोग करू. एका तमिळ घरी पाहुणा आला आहे. यजमानीणबाई पाण्याचा पेला पुढे करून विचारतात, 'तण्णीर वेण्डुमा?' पाहुणा मान डोलावून म्हणतो, 'वेण्डुम', आणि पाणी पितो. मग त्या ताकाचा पेला उचलून विचारतात, 'मोर वेण्डुमा?' पाहुणा हात हलवून म्हणतो, 'वेण्डाम.' पेला तसाच राहतो. एवढ्यात घरातला मुलगा खेळून धावत येतो आणि ओरडतो, 'तण्णीर वेण्डाम, मोर वेण्डुम!' त्या मुलाला काय हवे आहे, हे मी सांगावयास हवे काय? मी नियम सांगितला नाही, शब्दांची यादी दिली नाही, आपल्याकडून काही म्हणवूनही घेतले नाही. तरीही होकार, नकार आणि प्रश्न यांची तीन रूपे आपल्या ध्यानात आली. कारण आपले लक्ष रूपांकडे नव्हते. कोणाला काय हवे, याकडे होते.

या प्रयोगामागे जे तत्त्व आहे, ते अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. त्यांच्या मते भाषा अंगी बाणणे निराळे आणि भाषेचे नियम जाणणे निराळे. आपल्याला जेवढे येते त्याच्या जेमतेम एक पायरी वरची, परंतु प्रसंगावरून, चित्रांवरून, हावभावांवरून समजेल अशी भाषा विपुल प्रमाणात ऐकावयास व वाचावयास मिळाली, म्हणजे ती आपोआप अंगी बाणते. नियम ठाऊक असण्याचा उपयोग मुख्यतः लिहिलेले तपासून पाहण्यापुरता. क्रॅशन यांच्या उपपत्तीवर पुढे टीकाही पुष्कळ झाली; पण तिचा गाभा शिक्षकांना आपल्या वर्गातील अनुभवाशी जुळणारा वाटला.

वस्तुतः हा विचार आपल्या देशाला अगदीच अपरिचित नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ढाक्याला काम करणारे मायकेल वेस्ट यांच्या ध्यानात आले की, बंगालमधील बहुसंख्य मुले शाळा अर्धवट सोडून जातात आणि तोवर झालेल्या इंग्रजीचा त्यांना काहीएक उपयोग होत नाही. तेव्हा त्यांनी वाचनावर भर दिला. नेहमीच्या शब्दांत लिहिलेली, नवे शब्द विरळ आणि पुनःपुन्हा येतील अशा बेताने रचलेली पुस्तके त्यांनी मुलांच्या हाती दिली. मुलाला जे वाचता येईल ते समजावे, हा त्यांचा कटाक्ष होता.

आता प्राथमिक वर्गाकडे वळू. येथे शिक्षक बोलतो आणि मुले करून दाखवितात. 'ऊठ', 'दाराकडे जा', 'लाल फूल उचल', 'ते मैत्रिणीला दे', अशा आज्ञा नव्या भाषेत दिल्या जातात. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात ही रीत अभ्यासून पुढे आणली. मूल बोलले नाही तरी त्याला समजले की नाही, हे त्याच्या हालचालीवरून कळते. त्याला बोलण्याची सक्ती करावी लागत नाही. घरी आपले तान्हे मूल 'चेंडू आण' म्हटल्यावर चेंडू आणते. 'मी चेंडू आणला' असे ते पुष्कळ महिन्यांनी म्हणते. मधल्या काळातील त्याच्या मौनाला आपण मंदपणा म्हणत नाही. शाळेत मात्र तेवढीच सबुरी आपण क्वचितच दाखवितो.

गोष्टीच्या पुस्तकांनी काय साधते, याचे उत्तम उदाहरण फिजी बेटांवरील आहे. तेथील खेड्यांतील मुले घरी फिजियन किंवा हिंदी बोलतात आणि शाळेत इंग्रजी शिकतात. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी आठ शाळांतील चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत मुले ती मुकाट्याने वाचीत. काही वर्गांत शिक्षक मोठ्याने वाचीत आणि मुलांशी त्या गोष्टीवर बोलत. इतर चार शाळांत नेहमीचे पाठ चालू राहिले. वर्षाअखेर पुस्तकवाल्या मुलांची वाचनातील प्रगती दुसऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट भरली. आणि पुढील वर्षी त्यांचे लेखन व व्याकरणही सुधारलेले आढळले. व्याकरणाचा तास न वाढविता व्याकरण सुधारले, हे विशेष.

वरच्या इयत्तांतील मुलांना 'ऊठ-बस' या आज्ञा पोरकट वाटतात. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातील स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी १९९० च्या सुमारास एक युक्ती रूढ केली. शिक्षक गोष्ट सांगत नाही. मुलांना विचारीत विचारीत ती रचतो. 'मुलाला काय हवे आहे? मांजर की हत्ती? हत्ती हवा आहे? कोठे मिळेल?' मुले एकेका शब्दात उत्तर देतात, हसतात, आणि 'हवे आहे' हे रूप तासाभरात पन्नास वेळा त्यांच्या कानांवरून जाते. घोकंपट्टीतही आवृत्ती होते. पण तेथे मन झोपलेले असते, येथे ते जागे असते.

माध्यमिक शाळांसाठी आपल्याच देशात झालेला प्रयोग अधिक मोलाचा आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आदी ठिकाणच्या काही साध्या शाळांत तो चालविला. त्यांनी मुलांना आगगाडीचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, महिन्याची दिनदर्शिका दिली आणि इंग्रजीत प्रश्न घातले: 'ही गाडी चुकली तर पुढची कोणती? ती केव्हा पोहोचेल?' प्रथम शिक्षक सर्व वर्गासमवेत असे एक कोडे सोडवी. मग तसलेच दुसरे प्रत्येकाने आपापले सोडवावयाचे. मुलांचे सारे चित्त उत्तर शोधण्यात गुंतलेले असे, आणि भाषा त्या ओघात पदरी पडे. या वर्गांना महागडी साधने लागली नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाविद्यालयात तर उपाय सोपाच आहे: कठीण उताऱ्याचे तासभर विच्छेदन करण्यापेक्षा सोपी, आवडीची पुस्तके भरपूर वाचावयास देणे.

तर मग व्याकरण आणि लेखन गुंडाळून ठेवावे काय? तसे नव्हे. कॅनडातील सेंट लॅम्बर्ट गावी १९६५ पासून इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंचमधूनच विषय शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो देशभर पसरला. या मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागले. परंतु त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात ठरावीक चुका वर्षानुवर्षे राहिल्या. १९८५ साली मेरिल स्वेन यांनी त्यावरून दाखवून दिले की, समजण्याबरोबरच नेमके बोलण्याचा आणि लिहिण्याचा प्रसंगही मुलांवर यावा लागतो. तेव्हा प्रश्न क्रमाचा आहे. आधी समजणे, मग बोलणे, आणि नियम त्यानंतर, म्हणजे ज्याचा नियम सांगावयाचा ते रूप ओळखीचे झाल्यावर.

दुसरी अडचण खरीखुरी आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांभोवती समजणारी भाषा समृद्ध असावी असा आग्रह धरला. पण ज्या शिक्षकाला स्वतःलाच इंग्रजी बोलण्याचा सराव नाही, त्याने साठ मुलांना ती कशी ऐकवावी? त्याला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या हाती सोप्या गोष्टींची पुस्तके द्यावीत, ध्वनिमुद्रित कथा द्याव्यात. तो रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचील, तर मुलांबरोबर त्याचीही भाषा वाढेल. आणि परीक्षेत केवळ रूपे चालविण्याला गुण न देता ऐकून समजण्याला गुण द्यावेत; कारण ज्याला गुण, त्याला तास, हा शाळेचा व्यवहारच आहे.

माझे तमिळ कसे सुधारले, तेही सांगून टाकतो. आमच्या निवासाचे रखवालदार आपल्या नातवाला संध्याकाळी ओसरीवर गोष्टी सांगत. मी खुर्ची ओढून तेथे बसू लागलो. कावळा, चिमणी, राजा, चोर. तीच तीच माणसे, तेच तेच प्रसंग. नातवाला समजावे म्हणून ते हळू बोलत, हातवारे करीत, आणि त्याचा आयता लाभ मला मिळे. सहा-सात महिन्यांनी तक्रारीच्या दिवशी दुभाषाने तोंड उघडण्यापूर्वीच अर्धेअधिक गाऱ्हाणे मला कळू लागले.

आज हे भाषण दिल्लीत, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत अनेक मराठी कुटुंबे ऐकत असतील. बदलीच्या गावी आपले मूल नव्या शाळेत दोन-चार महिने गप्प बसले, तर घाबरू नये. ते ऐकत आहे. आणि घरी तेच मूल मराठी अडखळत बोलू लागले, तर 'ती पुस्तक नव्हे, ते पुस्तक' असे प्रत्येक वाक्याला टोकू नये. रात्री दिवा मालवण्यापूर्वी त्याला शेजारी घेऊन एक सोपी मराठी गोष्ट वाचून दाखवावी, दुसऱ्या रात्री ती पुन्हा वाचावी. पुढे काय झाले, असे ते विचारील, तेव्हा त्याने तो प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, हे बघू नये. गोष्ट पुढे वाचावी.