रक्ताच्या पिशवीचे ४२ दिवस

भिलाईजवळच्या रसमडा या कारखान्यांच्या पट्ट्यात रक्ताची गरज अपघातात सापडलेल्या कामगाराला पडते, बाळंतिणीला पडते आणि सिकलसेलच्या रुग्णालाही. छत्तीसगडात आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. दात्याने दिलेलं रक्त या माणसांपर्यंत जिवंत कसं पोचतं, याबद्दल मात्र अनेक गैरसमज आहेत.

गैरसमज : फ्रीजमध्ये ठेवलं की रक्त टिकतं.

वस्तुस्थिती : २ ते ६ अंश सेल्सिअसला लाल पेशींची भूक मंदावते, संपत नाही. या पेशींत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही. ग्लुकोज मोडूनच त्यांचं भागतं. म्हणून ४५० मिलिलिटरच्या पिशवीत रक्ताचा पहिला थेंब पडण्याआधीच ६३ मिलिलिटर द्रावण असतं. त्यातलं सायट्रेट गुठळी होऊ देत नाही, डेक्स्ट्रोज पेशींना पोसतं. अ‍ॅडेनिनची जोड मिळाली की मुदत २१ दिवसांवरून ३५ वर जाते.

प्लाझ्मा काढून घेऊन लाल पेशींवर ‘सॅगएम’चं १०० मिलिलिटर द्रावण सोडलं, तर ४२ दिवस मिळतात. सलाइन, अ‍ॅडेनिन आणि ग्लुकोजचं हे मिश्रण स्वीडनच्या क्लेस हॉगमन यांच्या गटाने १९७८ मध्ये रुग्णांवर तपासलं. पेशी फुटू नयेत म्हणून मॅनिटॉल त्यात नंतर आलं.

गैरसमज : ही रसायनं रुग्णाला बाधतात.

वस्तुस्थिती : साखर-मीठ शरीराला परकं नाही आणि सायट्रेट यकृतात मोडतं. एकाच वेळी बऱ्याच पिशव्या चढवल्या, तर सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. तेव्हा डॉक्टर कॅल्शियमवर लक्ष ठेवतात.

गैरसमज : जुनी पिशवी निकामी.

वस्तुस्थिती : साठवणीत पेशींतलं डीपीजी हे संयुग घटतं आणि त्यामुळे ऑक्सिजन सोडण्याची क्षमता कमी होते, रुग्णाच्या शरीरात एक ते तीन दिवसांत ती भरून येते. चार देशांतल्या २०,००० हून अधिक रुग्णांच्या ‘इन्फॉर्म’ चाचणीत (२०१६) ताजं आणि जुनं रक्त मिळालेल्यांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही. नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल, तर मात्र शक्यतो ताजी पिशवी निवडतात.

गैरसमज : एका मोठ्या शिबिरात वर्षाची बेगमी होते.

वस्तुस्थिती : ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांना गोठवलेल्या लाल पेशी १० वर्षं टिकतात. पण वितळवून, धुऊन त्या साधारण २४ तासांत वापराव्या लागतात. एवढा खटाटोप डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ गटासारख्या दुर्मिळ रक्तासाठीच परवडतो. बाकी पिशव्यांना फार तर ४२ दिवसांची मुदत, आणि पुरुष दात्याला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने, स्त्रीला चार महिने थांबावं लागतं. रसमड्यातल्या कारखान्यांनी एकाच दिवशी गर्दी न करता महिने वाटून घेऊन शिबिरं भरवली, तर रक्तपेढीत वर्षभर मुदतीतल्या पिशव्या हाताशी राहतील.