मॅसिडोनियन वर्णमाला : एका अक्षराचा वाद

लिपी ही ध्वनींची केवळ नोंद नव्हे. कोणती बोली प्रमाण मानावयाची, याचा निर्णयही तीत अंतर्भूत असतो. मॅसिडोनियन वर्णमाला हे याचे बोलके उदाहरण होय.

क्र्स्ते मिसिर्कोव्ह यांनी १९०३ मध्ये सोफिया येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मध्यवर्ती बोलींवर आधारलेल्या ग्रांथिक भाषेचा पुरस्कार केला होता. २ ऑगस्ट १९४४ रोजी मॅसिडोनियन भाषेस राजभाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षअखेरीस पहिल्या समितीने सिरिलिक वर्णमालेचा जो आराखडा मांडला, त्यात ‘येर’ हे अक्षर होते. ते अस्फुट मध्य स्वराचे चिन्ह असून बल्गेरियनमध्येही रूढ आहे. ब्लाझे कोनेस्की यांनी त्यास विरोध केला. ज्या बोली प्रमाण ठरावयाच्या, त्यांत या स्वराला स्वतंत्र स्थान नाही, हा त्यांचा मुद्दा होता. अखेर ५ मे १९४५ रोजी अधिकृत झालेल्या ३१ अक्षरांच्या वर्णमालेतून येर वगळण्यात आले. आवश्यक तेथे तो स्वर लोपचिन्हाने दर्शविला जातो.

उलट, ‘द्झ’ या ध्वनीसाठी जुन्या सिरिलिकमधील अक्षर स्वीकारले गेले. ‘जवळ’ व ‘जीवन’ यांतील भिन्न ‘ज’ मराठीत आपण एकाच अक्षराने लिहितो. तसा भेद मॅसिडोनियन लिपी स्पष्ट दाखविते.

येर गेल्याने बल्गेरियनपासूनचे अंतरही ठळक झाले. ध्वनिविचार आणि राष्ट्रीय अस्मिता यांची येथे एकाच अक्षरापाशी गाठ पडली. म्हणून या निर्णयाचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने दोहोंपैकी एकाही कारणाकडे दुर्लक्ष करू नये.