सॅकमधली सुरी

सह्याद्रीत सुरी नेमकी कशाला लागते हे आधी ठरवलं, की कोणती सुरी घ्यायची याचं निम्मं उत्तर मिळतं. शनिवारी रात्री दादरहून कर्जत किंवा कसारा लोकल पकडायची आणि रविवारी रात्री परतायचं, असा ज्यांचा शिरस्ता आहे त्यांना झाडं तोडायची नसतात की जनावर सोलायचं नसतं. खिचडीसाठी कांदा-बटाटा चिरायचा असतो, ताडपत्रीची दोरी कापायची असते, सरपणातून चूल पेटण्याजोगी ढलपी काढायची असते. कधी सॅकच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, तर कधी गुडघ्याला बांधायची पट्टी कापावी लागते. ही सगळी बोटांची कामं आहेत. तरीही नवा ट्रेकर दुकानात गेला की वीतभर लांबीची, जाडजूड, पाठीवर करवतीचे दाते असलेली सुरी उचलतो. ती वर्षभर सॅकचं वजन वाढवते आणि कांदा चिरायची वेळ आली की शेजारच्याची सुरी मागावी लागते.

परळ-दादरची आमची टोळी गेली बरीच वर्षं पावसाळ्यात डोंगरात जाते. या भटकंतीतून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या डोंगरात सुरीची खरी परीक्षा पाणी घेतं. जून ते सप्टेंबर हात ओला, मूठ ओली, म्यान ओलं, सरपण ओलं. अशा दिवसांत जी सुरी हातातून निसटत नाही, गंजत नाही आणि दिवसाच्या शेवटच्या कामालाही पहिल्या कामाइतकीच चालते, ती आपल्या कामाची. हे मत नीट तपासून पाहावं म्हणून दोन सुऱ्या समोरासमोर ठेवल्या. दोन्ही घडी न होणाऱ्या, पातं मुठीत पक्कं बसवलेल्या. घडीच्या सुरीच्या सांध्यात चिखल आणि कांद्याचा रस जाऊन बसतो, तो डोंगरात धुऊन निघत नाही. पक्क्या पात्याची सुरी मात्र ओढ्यावर दोन हातांत साफ होते.

पहिली सुरी स्वीडनच्या मोराक्निव (थोडक्यात मोरा) कंपनीची, कम्पॅनियन नावाची. पातं 104 मिलिमीटर लांब, 2.5 मिलिमीटर जाड. मुठीवर रबराचा थर, म्यान प्लास्टिकचं. पोलाद स्टेनलेस, त्यात सुमारे 0.6 टक्के कार्बन आणि 13.5 टक्के क्रोमियम. दुसरी सुरी लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली. लांबी तेवढीच, पण पाठीकडे जाडी जवळजवळ दुप्पट आणि मूठ सागाची. जुन्या गाड्यांच्या पाट्यातून कोयते, विळे आणि सुऱ्या घडवण्याची रीत महाराष्ट्रभर आहे आणि त्यामागे पक्कं कारण आहे. पाट्याचं पोलाद वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे पातं सहसा तुटत नाही. लोहार ते भट्टीत लालभडक करतो, ठोकून आकार देतो आणि मग पाणी देतो, म्हणजे तापलेली धार एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्याने पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा हलक्या आचेवर धरायचं. 220-230 अंश सेल्सिअसच्या आसपास पात्यावर फिका पिवळा रंग चढतो. तिथे थांबलं की धारही राहते आणि चिवटपणाही येतो. हा रंग ओळखणारी नजर हीच लोहाराची खरी विद्या.

डोंगराकडे निघण्याआधी कायद्याचं बघून घेतलेलं बरं. शस्त्र कायदा 1959 सालचा. त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांसाठी 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं ही मर्यादा आहे, आणि घरकामाची व शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. चार इंची सुरी या मर्यादेच्या पुष्कळ आत येते. पण मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि दादरच्या गर्दीत कमरेला सुरी लटकवून फिरणं कुठल्याही दिवशी चुकीचंच. सुरी म्यानात घालायची, भांड्यांच्या पिशवीत ठेवायची आणि ती पिशवी सॅकच्या तळाशी. गाव येईपर्यंत ती बाहेर काढायची गरजच पडत नाही.

पहिली चाचणी घरच्या ओट्यावर घेतली. आपल्या स्वयंपाकघरात विळीवर पातं स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीवर असतात. सुरीचं उलटं आहे. पातं हलतं, म्हणून मुठीचा आकार आणि बोट पुढे न सरकू देणारा उंचवटा इथे महत्त्वाचा ठरतो. वर्तमानपत्राचा कागद, पिकलेला टोमॅटो, कांदा आणि बटाटा अशा क्रमाने दोन्ही सुऱ्या चालवल्या. कागद आणि टोमॅटो दोघींनी सारखेच कापले, म्हणजे धारेत कुणी कमी नव्हती. फरक बटाट्यात दिसला. पातळ पातं बटाट्यातून आवाज न करता खाली उतरलं आणि काप गुळगुळीत निघाले. जाड पातं अर्ध्यावर गेलं आणि बटाटा कट्कन तडकून दुभंगला. काप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. धार कापतच होती, पण तिच्यामागून येणारी जाडी पाचरीसारखी बटाटा फाकवत होती. सुरी किती चांगली कापते हे धारेइतकंच धारेमागच्या जाडीवरही अवलंबून असतं, हे या एका बटाट्याने दाखवलं. दादरच्या फूलबाजारात पहाटे झेंडूच्या जुड्या सोडवणाऱ्यांच्या हातातही पातळ, आखूड पातंच दिसतं. दिवसभर कापणाऱ्याला जाडीचा भार नकोच असतो.

मग सुतळी घेतली. ती लाकडी फळीवर ठेवून पात्याच्या त्याच भागाने पुन्हा पुन्हा कापत गेलो, आणि त्यानंतर पुठ्ठा. पुठ्ठा मऊ दिसतो, पण त्यात मातीचे बारीक कण असतात आणि ते धार पटापट खातात. स्टेनलेसची धार थोडी जास्त टिकली. लोहाराची सुरी आधी बोथट झाली, पण दगडावर चार हात फिरवताच पुन्हा कागद कापू लागली. डोंगरात या दोन्ही गुणांना मोल आहे.

खरी कसोटी राजमाचीला. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत गाडीने जायचं, पुढे कोंढाणे लेण्यांजवळून दाट झाडीतली चढण, आणि वर श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी. पावसाळ्यात ही वाट म्हणजे ओढेच ओढे. वर पोचलो तेव्हा सॅकच्या आतलीही प्रत्येक वस्तू ओलसर झाली होती. मोराच्या म्यानाला तळाशी भोक आहे, त्यातून पाणी निथळून गेलं होतं. लोहाराच्या सुरीचं चामड्याचं म्यान मात्र पाणी पिऊन फुगलं होतं, आणि पातं बाहेर काढलं तर धारेच्या कडेला नारिंगी रेघ उमटायला लागली होती. एका चढणीत एवढं झालं.

मुक्काम गावातल्या एका घरच्या पडवीत. जंगलातून लाकूड तोडायचं नाही. राखीव वनात तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी दर शनिवारी येणाऱ्या ट्रेकरांनी एकेक फांदी तोडली तर डोंगर चार वर्षांत उघडा पडेल. म्हणून घरच्या मावशींच्या ढिगातलं सरपण विचारून घेतलं. वरून ओल्या दिसणाऱ्या ओंडक्याचा गाभा बहुधा कोरडा असतो. तिथवर पोचायचं म्हणून ओंडक्यावर सुरी उभी धरली आणि दुसऱ्या लाकडाने तिच्या पाठीवर ठोकायला घेतलं. मावशी चुलीपाशी बसून बघत होत्या.

"दादा, त्या सुरीचा जीव घेशील. कोयता घे की."

त्यांनी कोयता दिला, दोन घावांत ओंडका चिरला आणि पुढचं काम सुरीकडे आलं. सुरीने ओंडके फोडता येतात, परदेशी पुस्तकांत त्याची कृतीही असते, पण ती सगळी माणसाचा वावर नसलेल्या अरण्यांसाठी. आपल्या गडांच्या पायथ्याशी वाडी असते, वाडीत घर असतं आणि घरात कोयता असतोच. जे काम कोयत्याचं ते कोयत्याने करावं.

सुरीचं खरं काम त्यानंतरचं. अंगठ्याएवढी कोरडी काठी एका हातात तिरपी धरायची, पातं तिच्यावर जवळजवळ आडवं टेकवायचं आणि वरून खाली एकच लांब, हलका हात द्यायचा. लाकडाची पातळ पट्टी सुटते, कुरळी होते. ती तोडायची नाही, काठीलाच लटकती ठेवायची. काठी थोडी फिरवून पुढची पट्टी. काही वेळाने काठीच्या टोकाला कुरळ्या ढलप्यांचा झुपका तयार होतो आणि काडेपेटीच्या एका काडीवर तो पेट घेतो. इथे मोरा फार पुढे गेली. तिच्या धारेच्या दोन्ही बाजू रुंद आणि सपाट तासलेल्या असतात. ती सपाटी लाकडावर टेकली की पातं आपोआप योग्य कोनात बसतं आणि ढलपी कागदाइतकी पातळ निघते. जाड पातं एकतर वरून घसरायचं, नाहीतर खोल रुतून काठीच तोडायचं. ओल्या हातात सागाची मूठही फिरत होती. रबराची मूठ तेलकट हातातसुद्धा जागची हलली नाही.

बांबूत मात्र लोहाराच्या सुरीने बाजी मारली. बांबूच्या फोकाच्या तोंडावर पातं टेकवून दाबलं आणि थोडं पिळलं की जाड पाठ फट रुंदावते आणि चीर पात्याच्या पुढे पुढे पळते. गणपतीच्या आधी लालबाग-परळला मंडपाचे कारागीर बांबूच्या कांबी काढतात, त्यांचंही हेच तंत्र. धार फक्त सुरुवात करते, पुढचं काम बांबूचे सरळ तंतूच करतात.

शेवटची चाचणी दोराची, आणि ती प्रत्येक ट्रेकरने एकदा डोळ्यांनी पाहावी. टाकाऊ नायलॉनची दोरी सैल असताना कापायला पातं चांगलं चार-पाच वेळा ओढावं लागलं. मग त्याच दोरीला दगडांनी भरलेली गोणी टांगली आणि पातं नुसतं टेकवलं. फट् आवाज झाला आणि गोणी खाली. ताणलेल्या दोराला धारेचा स्पर्शही पुरतो, कारण प्रत्येक तंतू आधीच ताणाखाली असतो. कडा चढताना किंवा दोराने उतरताना उघडी सुरी जवळ का बाळगू नये, हे सांगायला यापुढे भाषणाची गरज नाही.

घरी परतल्यावर उरलं गंजाचं गणित. स्टेनलेस गंजत नाही, कारण त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पात्यावर अतिशय पातळ संरक्षक थर धरतं. पण खारट हवा आणि घाम यांतलं क्लोराईड हा थर जागोजागी भेदतं. म्हणून गिरगाव-दादरसारख्या समुद्राला लागून असलेल्या वस्तीत स्टेनलेसवरही बारीक ठिपके पडू शकतात. साध्या पोलादाचं वेगळं. लिंबू किंवा कैरी कापली की पातं करडं-निळसर होतं. तो डाग पुसून काढायची घाई करू नये, नारिंगी गंजाला तो थोडा अटकाव करतो. त्यावर खोबरेलाचं बोट फिरवावं. अन्नाला लागलं तरी बिघडत नाही. थंडीच्या ट्रेकला खोबरेल थिजतं, तेव्हा घरूनच पातं माखून निघावं.

धार लावायला दोन बाजूंचा साधा कार्बोरंडम दगड पुरतो. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत तो सहज मिळतो. दगड ओला करायचा, पात्याचा कोन न बदलता एका बाजूने घासत राहायचं. दुसऱ्या बाजूला नखाला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने हात फिरवायचे. फिरत्या चाकावर धार लावून घ्यायची असेल तर उभं राहून बघावं. धारेवर निळा रंग चढला तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं असं समजावं, कारण पोलाद 300 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय निळं पडत नाही.

पावसाळी ट्रेकसाठी मी आता निर्धास्तपणे सांगतो: चार इंचांचं पातळ स्टेनलेस पातं, खडबडीत मूठ, बोटापुढे उंचवटा, तळाला भोक असलेलं म्यान. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात लोहाराची सुरी न्यावी. ती सांभाळताना पोलाद कळतं, धार कळते, आणि आपल्या कारागिराच्या हाताला कामही मिळतं. यातली कुठलीही घ्या, रविवारी रात्री कितीही दमलेले असा, झोपण्यापूर्वी ती म्यानातून काढा, धुवा, कोरडी करा आणि म्यान वेगळं वाळत ठेवा. सुरीवर केलेला खर्च या पाच मिनिटांत वसूल होतो.