मोबाइलवरून मागविलेला माल घरी न आल्यास
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी ग्राहक-हक्कांची माहिती

खानदेशात मृगाचा पाऊस होऊन कपाशीची लागवड उरकली, म्हणजे शेतकऱ्याचे लक्ष फवारणीच्या साधनांकडे वळते. मावा, तुडतुडे व फुलकिडे या रसशोषक किडी पीक कोवळे असतानाच येतात आणि त्या वेळी पंप हाताशी नसला तर पुढे कितीही धावपळ केली तरी गेलेले दिवस परत मिळत नाहीत. पूर्वी अशा सामानासाठी अमळनेर, चोपडा, शिरपूर किंवा दोंडाईचा येथील पेठ गाठल्यावाचून गत्यंतर नसे. आता बॅटरीवरचा पंप, ठिबकचे सुटे भाग, ताडपत्री, कामगंध सापळे हे सर्व घरबसल्या मोबाइलवरून मागविता येते. परवानाधारक विक्रेत्यास कीटकनाशकेही ऑनलाइन विकण्याची मुभा २०२२ साली नियमांत करण्यात आली. सोय मोठीच आहे. परंतु पैसे भरले आणि माल आलाच नाही, तर कोणाकडे जावे, याची माहिती त्या मानाने फार थोड्यांस असते.

दूरवरून माल मागविणे हे आपल्या भागास नवे नाही. टपाल खात्याची व्ही. पी. पद्धत १८७७ साली सुरू झाली. पोस्टमनच्या हाती पैसे ठेवल्यावाचून पुडके ताब्यात मिळत नसे. त्यामुळे आत भलतीच वस्तू निघाल्याच्या तक्रारीही तितक्याच जुन्या. अशा फसवणुकीत वसूल झालेली रक्कम रोखून ती ग्राहकास परत करण्याविषयी नियम करण्याची तरतूद १८९८ च्या टपाल कायद्यात करण्यात आली होती. त्या व्यवहारात निदान पैसे आणि पुडके एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातून फिरत. आज पैसे बहुधा आधी जातात, माल मागाहून येतो, आणि मध्ये विक्रेता, ॲप चालविणारी कंपनी, कुरिअर व बँक असे चौघे उभे असतात. तक्रार निघाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

समजा, पारोळा तालुक्यातील एका शेतकऱ्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात ३,२०० रुपये आगाऊ भरून पंप मागविला. सहाव्या दिवशी मोबाइलवर 'माल पोहोचला' असा संदेश आला. पंप मात्र घरी नाही, शेजारी नाही, फाट्यावरच्या किराणा दुकानातही नाही. कुरिअरवाल्याचा फोन लागत नाही. शेतकरी दोन दिवस वाट पाहतो, चार दिवस शेजाऱ्याचा पंप उसना आणून भागवितो आणि पुढे निंदणी-कोळपणीच्या गडबडीत ती गोष्ट मागे पडते. पैसे बुडतात ते बहुधा या मौनामुळे; कायद्यात आधार नाही म्हणून नव्हे.

अशा प्रसंगी सर्वप्रथम एक निवड करावी लागते. ज्या कंपनीचे ॲप सर्वत्र चालते, जिचा पत्ता व तक्रार अधिकारी ठाऊक आहे, तिच्याकडून माल न येणे हा ग्राहक-तक्रारीचा विषय होय. याउलट, समाजमाध्यमावरील जाहिरात पाहून, निम्म्या किमतीच्या आमिषाने, कोणा अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठविले आणि नंतर तो क्रमांकच बंद झाला, तर ती सरळ फसवणूक आहे. तेथे विक्रेताच खोटा असल्याने नोटीस कोणास बजावावयाची हा प्रश्न उरतो. म्हणून अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करावा, पैसे पाठविल्याची वेळ, रक्कम व व्यवहार क्रमांक सांगावा आणि आपल्या बँकेसही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांतून काढून घेतली जाण्यापूर्वी ती गोठविता आली तरच परत मिळण्याची आशा असते. येथे तास मोजावयाचे असतात, दिवस नव्हेत.

पहिल्या प्रकारात मात्र रीतसर मार्ग आहे. 'माल पोहोचला' हा संदेश येताच, त्याच दिवशी ॲपमधूनच 'माल मिळाला नाही' अशी लेखी तक्रार नोंदवावी. फोनवरील बोलण्यावर विसंबू नये. पुष्कळ कंपन्यांच्या अटींत अशी तक्रार ठराविक दिवसांतच घेतली जाते. मागणीचा क्रमांक, पैसे भरल्याची पावती, पोहोचण्याची सांगितलेली तारीख आणि तो खोटा संदेश यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. कुरिअरने माल दिल्याचा पुरावा काय आहे, सही कोणाची, छायाचित्र कोणत्या दाराचे, हे लेखी विचारावे. माल हाती आल्यावाचून ओटीपी कोणासही सांगू नये. 'गाडी पुढे गेली आहे, ओटीपी सांगा, उद्या माल आणून देतो' असा फोन आल्यास तर मुळीच सांगू नये. कारण ओटीपी सांगणे म्हणजे माल मिळाल्याची सही करून देण्यासारखेच आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सविषयीचे स्वतंत्र नियम झाले. या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर केला पाहिजे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असते व एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे असते. 'आम्ही केवळ मध्यस्थ, माल तर दुसऱ्याचा,' असे उत्तर आले तरी डगमगू नये. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याचा पत्ता व संपर्क देणे कंपनीवर बंधनकारक आहे. सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा आलेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारखे आटोक्याबाहेरचे कारण असल्यास गोष्ट वेगळी. हा नियम शेतकऱ्याच्या विशेष उपयोगाचा आहे. गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी मागविलेले कामगंध सापळे बोंडे फुटू लागल्यावर आले, तर ते घेऊन काय करावयाचे?

कंपनी दाद देत नसल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदविता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीकडे पाठवून समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करते. लहान रकमेचे प्रकरण येथेच मिटले तर उत्तमच. येथे एक धोका सांगून ठेवणे अवश्य आहे. तक्रारीसाठी इंटरनेटवर क्रमांक शोधताना पुष्कळदा ठगांनीच ठेवलेला क्रमांक हाती लागतो, आणि 'पैसे परत देतो' असे सांगून शेतकऱ्याकडून पिन टाकून घेतला जातो. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. क्रमांक घ्यावयाचा तो ॲपमधूनच घ्यावा.

एवढ्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. असे आयोग जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी आहेत. १९८६ च्या जुन्या कायद्याने सामान्यतः विरुद्ध पक्ष जेथे व्यवसाय करतो किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथेच दाद मागता येई. त्यामुळे बंगळूरच्या किंवा दिल्लीच्या कंपनीशी भांडावयाचे कोठे, यावरच वाद माजे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला. साक्रीच्या शेतकऱ्यास धुळ्याबाहेर जाण्याचे कारण उरले नाही. मालासाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास कोणतेही शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार घरूनही दाखल करता येते. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. मालाची तपासणी करावयाची नसल्यास ३ महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, हे आधीच समजून असावे. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

कंपनीच्या वकिलाकडून एक आक्षेप येण्याजोगा असतो: पंप हा धंद्यासाठी घेतला, म्हणून शेतकरी हा 'ग्राहक' नव्हे. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेला माल व्यापारी हेतूचा मानला जात नाही, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. बियाण्यांच्या एका प्रकरणात राष्ट्रीय बीज निगमाचा अशाच स्वरूपाचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली फेटाळला आणि शेतकऱ्यांस ग्राहक म्हणून दाद मागता येते असे ठरविले. ऑनलाइन खरेदीही त्याच व्याख्येत येते.

आपल्या गावांत आणखी एक अडचण नेहमीची. मागणी नोंदविली जाते ती पुतण्याच्या किंवा शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून, पैसे जातात त्याच्या खात्यातून, आणि बिलावर नावही त्याचेच येते. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यासही कायदा ग्राहक मानतो, म्हणून मार्ग बंद होत नाही. तथापि त्या मुलाचा एक साधा लेखी खुलासा जोडावा, म्हणजे शंकेस जागा राहत नाही. मुलगा पुण्यास शिकावयास गेला आणि जुना मोबाइल विकून टाकला, की सर्व पुरावा त्याबरोबर गेला. यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तक्रारदार शेतकऱ्यास त्याच दिवशी सर्व संदेशांच्या छापील प्रती काढून देण्यास साहाय्य करावे. तालुक्याच्या ठिकाणी त्यास चार-दोन रुपये पानामागे पडतात.

तक्रारीत मागणी काय करावी, याचाही विचार हवा. भरलेली रक्कम, तीवरील व्याज, झालेला त्रास व खर्च यांची मागणी करता येते, आणि पावती असली तर मूळ रक्कम मिळणे त्या मानाने सोपे असते. पंप न आल्याने फवारणी चुकली व पीक गेले, ही भरपाई मात्र सहजासहजी मिळत नाही. पंप दुसरीकडून भाड्याने किंवा विकत घेता आला असता, असा प्रश्न विचारला जाणारच. म्हणून माल न आल्याचे कळताच शेतकऱ्याने दुसरी सोय करावी आणि भाड्याची अथवा नव्या खरेदीची पावती जपून ठेवावी. हा वाढीव खर्च तारखेसह दाखविता येतो. किडीची पाहणी कोणत्या दिवशी केली, कृषी कर्मचाऱ्याने काय सल्ला दिला, फवारणी प्रत्यक्ष केव्हा झाली, हे वहीत त्या त्या दिवशी लिहिलेले असावे. वर्षभराने आठवून लिहिलेल्या हकिकतीस आयोगापुढे तेवढे वजन राहत नाही.